‘बाळ, मी इथंच आहे’

पत्र

ताई, मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते. ‘सांस्कृतिक भान आणि रुग्णसेवा’ हा भाग यंदा माझ्याकडे आला आणि त्याला तास मिळाले चार. मी बरीच मेहनत घेऊन एक तक्ता केला. कोणत्या समाजात निर्णय कोण घेतं, दुखणं कोण बोलून दाखवतं आणि कोण सोसतं, परक्याच्या स्पर्शाचा संकोच कोणाला असतो, असं सगळं त्यात होतं. मुलींनी तो पाठ केला, परीक्षेत छान लिहिला. मग पोस्टिंगला गेल्यावर माझ्या सगळ्यात अभ्यासू विद्यार्थिनीने एका वयस्क बाईंच्या डिस्चार्जच्या वेळी सगळी औषधं त्यांच्या मुलाला समजावून सांगितली. त्यांच्या समाजापुढे मी ‘निर्णय घरातला पुरुष घेतो’ असं लिहिलं होतं ना! बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बाळ, मी इथंच आहे. चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी.” मुलगी रडवेली झाली. तेव्हापासून ती पेशंटशी बोलायलाच बिचकते. सहकारी म्हणतात, हे सगळं सोड, ‘सगळ्यांना सारखं वागवा’ एवढं सांगितलं की झालं. मी तक्ता सुधारू की फेकून देऊ? आणि चार तासांत शिकवू तरी काय?

– एक ट्यूटर

उत्तर

मॅडम, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या बाई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. घरचे कपडे घालून कॉटच्या कडेला बसलेल्या, पिशवी भरून तयार, आणि त्यांच्याच गोळ्यांचं बोलणं त्यांना ओलांडून मुलाकडे चाललेलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तक्ता सुधारू नका, काढून टाका. यात तुम्हाला एकटं वाटून घेण्याचं कारण नाही. २०१७ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकाला नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकातला नेमका असाच मजकूर मागे घेऊन जाहीर माफी मागावी लागली होती. कोणत्या धर्माचे, कोणत्या वंशाचे लोक वेदना कशी दाखवतात याची त्यात समाजवार यादी होती. ती लिहिणाऱ्यांचा हेतूही विद्यार्थ्यांना संवेदनशील करण्याचाच असणार. तुमचाही तोच होता, आणि तुमच्या मुलीचाही. तिने आळस केला नाही, उलट तुम्ही शिकवलं ते मन लावून केलं. म्हणून तर मला या गोष्टीची जास्त काळजी वाटते.

तक्त्यातली माहिती खोटीच असते असं मी म्हणत नाही. काही रकाने पुष्कळ घरांना लागूही पडत असतील. पण तक्ता मुलीच्या हातात उत्तर देतो, आणि उत्तर हातात असलं की प्रश्न विचारायचं सुचत नाही. त्या दिवशी “औषधांबद्दल कोणाशी बोलू?” एवढं विचारलं असतं तर सगळं निभावलं असतं. तिने विचारलं नाही, कारण तिला वाटलं की आपल्याला ते माहीत आहे.

माझ्याकडून हेच घडलं होतं, तेही तक्त्याशिवाय. मी नवीन होते आणि सकाळच्या ऑपरेशनसाठी पेशंट तयार करत होते. पोटाचं ऑपरेशन होतं. त्या गृहस्थांच्या गळ्यात एक काळपट, मळलेला दोरा होता. अंगावर काही ठेवायचं नाही हा नियम मला पाठ होता. मी कात्री घेतली, दोरा कापला आणि किडनी ट्रेमध्ये टाकला. “नियम आहे,” एवढंच मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. शुद्धीवर येताना त्यांचा हात आधी पोटाकडे गेला नाही, गळ्याकडे गेला आणि तिथंच थांबला. पुढे चार दिवस माझ्या ड्यूटीत त्यांनी एकदाही ‘दुखतंय’ म्हटलं नाही. मी चार्टवर ‘वेदना नाही’ लिहीत राहिले. रात्रपाळीच्या सिस्टरने मला हँडओव्हरला सांगितलं, “ते रोज मध्यरात्रीपर्यंत दात आवळून पडतात, मग मला इंजेक्शन मागतात. तुला का नाही सांगत?” तो दोरा त्यांच्या आईने शेवटच्या आजारात बांधला होता. त्याचा धर्माशीही संबंध नव्हता आणि समाजाशीही. जगातल्या कोणत्याच तक्त्यात तो बसला नसता. मी आधी विचारलं असतं तर तो सोडवून, गॉजमध्ये गुंडाळून, घोट्याला चिकटपट्टीने लावता आला असता. थिएटरवाल्यांनी तेही नको म्हटलं असतं तर ऑपरेशन होईपर्यंत पाकिटात घालून घरच्या माणसाच्या हातात देता आला असता.

हे मी वर्गात दरवर्षी सांगायचे, आणि सांगताना मॅडेलिन लायनिंगर यांची मांडणी फळ्यावर लिहायचे. त्या अमेरिकन नर्स होत्या आणि मानववंशशास्त्रही शिकलेल्या होत्या. १९५० च्या दशकात मुलांच्या मानसिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या घरांतून आलेल्या मुलांना एकाच पद्धतीची शुश्रूषा लागू पडत नाही. पुढे त्या न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गॅडसुप लोकांमध्ये राहून अभ्यास करून आल्या आणि त्यातून आंतरसांस्कृतिक शुश्रूषेची शाखा उभी राहिली. त्यांचं सांगणं थोडक्यात असं: पेशंटची एखादी रीत समोर आली की नर्सपुढे तीन वाटा असतात. अपाय नसेल तर ती तशीच राहू द्यायची, शक्य असेल तिथं उपचार आणि रीत यांची सांगड घालायची, आणि खरोखरच अपाय होत असेल तर पेशंटला बरोबर घेऊन ती बदलायची. कात्रीची वाट या तिन्हींत नाही. आणि तीनपैकी कोणती वाट धरायची हे ठरवायला आधी विचारावंच लागतं.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं, ‘सगळ्यांना सारखं वागवा’. त्यामागची भावना चांगली आहे, मला ती मोडीत काढायची नाही. पण ‘सारखं’ म्हणजे कोणासारखं, हे विचारून बघा. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर सगळ्यांच्या बोटाला सारखाच लावतात. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्ताची तपासणी शेजारी ठेवून पाहिली. प्रत्यक्षात ८८ टक्क्यांच्या खाली असलेल्या नोंदी कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के निघाल्या आणि गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के. यंत्र सारखं, बोट सारखं, आणि चूक मात्र एकाच्या वाट्याला तिपटीहून जास्त. बेडसोरचंही, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचंही, तसंच. आपण शिकवतो, ‘पहिली खूण म्हणजे लाली.’ सावळ्या-काळ्या त्वचेवर लाली दिसतेच असं नाही. तिथं हाताने बघावं लागतं: ती जागा आजूबाजूपेक्षा गरम लागते का, कडक किंवा भुसभुशीत लागते का, पेशंटला तिथं दुखतं का. ऑक्सिजन कमी पडल्याचा निळेपणा बघायचा तर ओठांची आतली बाजू, जीभ, पापणीची आतली बाजू, तळहात. हे सगळं तुमच्या ‘सांस्कृतिक’ तासाला नाही, नर्सिंगच्या फंडामेंटल्सच्या, म्हणजे मूलभूत कौशल्यांच्या तासाला शिकवायला हवं. ते तुमच्या सहकाऱ्यांना सांगा. वाद घालू नका, पुस्तकातले फोटो मोजायला लावा. त्यांतले किती काळ्या त्वचेचे आहेत, ते त्यांचं त्यांनाच दिसेल.

चार तासांचं काय करायचं, ते मी माझ्या अनुभवाने सांगते.

पहिल्या तासाला कोणत्याही ‘इतर’ समाजाचं नाव काढायचं नाही. मुलींना कागद द्या आणि स्वतःच्या घराबद्दल लिहायला सांगा. घरात कोणी आजारी पडलं की पहिल्यांदा कोणाला कळवतात? डॉक्टरकडे जायचं की थांबायचं हे कोण ठरवतं? कोणत्या आजाराचं नाव हळू आवाजात घेतात? दुखलं तर रडलेलं चालतं का, आणि कोणी रडलेलं चालतं? वाईट बातमी आजारी माणसाला सांगतात की लपवतात? मग शेजारच्या दोघींनी कागद अदलाबदल करून वाचायचे. एकाच भाषेच्या, एकाच धर्माच्या, एकमेकींच्या जिवलग मैत्रिणींची उत्तरं वेगळी निघतात. तो क्षण बघण्यासारखा असतो, वर्गात एकदम कुजबुज सुरू होते. ‘तुमच्या घरी असं?’ त्यानंतर समाजवार तक्त्यात दम नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच तासाला एक गोष्ट आणखी करा. हॉस्पिटलचीसुद्धा एक संस्कृती असते हे दाखवा. पहाटे उठवून स्पंज करायचं, माणसाला कॉट नंबरने हाक मारायची, ‘एनपीओ’ (तोंडाने काही घ्यायचं नाही) म्हणून निघून जायचं, भेटायला दोघांनीच यायचं. आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की रीत फक्त पेशंटकडे असते आणि आपल्याकडे असतो तो नियम, असं वाटायला लागतं.

दुसरा तास प्रश्नांचा. यात मी सगळ्यात जास्त जीव ओतायचे, तुम्हीही ओता. आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये काही प्रश्न मांडले होते, ते आजही जगभर शिकवतात. मी ते आपल्या बोलण्यात असे बसवले होते: ‘तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं? तुमच्याकडे याला काय म्हणतात? हे आत्ताच का सुरू झालं असेल? यामुळे तुमचं काय काय अडलंय? कोणत्या उपचाराने बरं वाटेल असं वाटतं? आणि सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. एकदा एक विद्यार्थिनी माझ्याकडे तक्रार घेऊन आली, की अमुक बाई ऑपरेशननंतर चालायलाच तयार नाहीत, हट्टी आहेत. मी म्हटलं, जा आणि भीती कशाची वाटते ते विचार. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा बदललेला होता. बाईंच्या बहिणीचे टाके चालताना उसवले होते. तिथं रीत नव्हती, श्रद्धा नव्हती, एक आठवण होती. विद्यार्थिनीने पोटावर उशी धरून कसं उठायचं ते दाखवलं, आणि संध्याकाळी दोघी दारापर्यंत जाऊन आल्या.

या प्रश्नांचा छापील फॉर्म मात्र करू नका. फॉर्म झाला की मुली तो भरतात, माणसाकडे बघत नाहीत. हात कामात असताना विचारायला शिकवा: चादर बदलताना, बीपीचा पट्टा सोडताना, पाय पुसताना. आणि विचारल्यावर गप्प राहायला शिकवा. हे सगळ्यात अवघड. वर्गात जोड्या लावा, एकीने प्रश्न विचारायचा आणि मनात दहा मोजेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या खेपेला निम्म्या मुली चारच्या पुढे जात नाहीत.

तिसरा तास भाषेचा. इथं एक खरी घटना सांगा. १९८० मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत आणलं. घरचे स्पॅनिश बोलणारे. ते सांगत होते की तो ‘इंतॉक्सिकादो’ आहे. त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ, काहीतरी खाण्यापिण्यात येऊन बाधलंय. ऐकणाऱ्यांनी इंग्रजीतला मिळताजुळता शब्द धरला आणि नशेच्या पदार्थाचा ओव्हरडोस म्हणून उपचार सुरू केले. मेंदूतला रक्तस्राव उशिरा कळला. मुलगा वाचला, पण हातपाय कायमचे गेले. दुभाषा कोणी बोलावला नव्हता, कारण आपल्याला कळलंय असं सगळ्यांना वाटत होतं. बघा, पुन्हा तीच जागा.

तर या तासाला तिघींचे गट करा: पेशंट, दुभाषी, नर्स. नर्सने बोलताना तोंड पेशंटकडे ठेवायचं, दुभाषाकडे नाही. एका वेळी एकच छोटं वाक्य. पेशंटच्या लहान मुलाला दुभाषा करायचं नाही, मग ते कितीही हुशार असो. आईच्या रक्तस्रावाबद्दल दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विचारणं आईवरही अन्याय आणि मुलावरही. आणि शेवटी ‘कळलं ना?’ हा प्रश्न बंद. त्याला सगळे ‘हो’ म्हणतात, मान राखायला म्हणतात, लाजेने म्हणतात, घरी जायची घाई असते म्हणून म्हणतात. त्याऐवजी: ‘मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. उद्या सकाळी गोळ्या कशा घ्याल, सांगता?’ इथं परीक्षा नर्सची होते, पेशंटची होत नाही. तुमच्या गणिताच्या बाईंनी याचं बिनचूक उत्तर दिलं असतं, आणि एखादी शंकाही विचारली असती.

चौथा तास अवघड प्रसंगांचा. मुलींना वाटतं, सांस्कृतिक भान म्हणजे घरचे म्हणतील त्याला मान डोलवायची. तसं नाही हे स्पष्ट सांगा. पेशंटला एकटीला बोलायचं असतं आणि घरातलं कोणी खोलीतून हलतच नाही, अशा वेळी ‘त्यांच्यात असंच असतं’ म्हणून सोडून देता येत नाही. अंगावर वळ दिसले तर तिथं रीत आडवी येऊ द्यायची नाही. तपासणीच्या निमित्ताने पेशंटला वेगळं नेऊन बोलायचं, आणि मग एकटीने धाडस न करता इन्चार्ज सिस्टरला सांगायचं. हे प्रसंग वर्गात करून बघा, नुसते सांगू नका.

या तासाला आणखी एका गोष्टीकडे लक्ष असू द्या. ज्या समाजाचा विषय निघेल त्या समाजाची एखादी मुलगी वर्गात असेल, तर तिच्याकडे वळून ‘तूच सांग, तुमच्यात कसं असतं?’ असं कधीही विचारू नका. ती शिकायला आली आहे, कोणाची प्रतिनिधी म्हणून नाही. आणि याच मुलींना वॉर्डात कधी पेशंटकडूनच वर्णावरून, भाषेवरून, नावावरून बोलणी खावी लागतात. ‘तिचा हात नको लागायला’ असं ऐकून आलेली मुलगी हातात ट्रे घेऊन पॅन्ट्रीत उभी असते. पेशंटच्या सन्मानाचे चार तास घ्यायचे आणि तिच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे मला कधी पटलं नाही. अशा वेळी इन्स्ट्रक्टरने स्वतः कॉटपाशी जाऊन बोलायचं असतं. तिला ते ठाऊक असू द्या.

पण खरं सांगू का, हे चार तासांत येत नाही. पोस्टिंग संपल्यावर रोज पंधरा मिनिटं मुलींना घेऊन बसा आणि त्यांच्याच नोट्समधले शब्द वाचा. ‘असहकार करतो’, ‘हट्टी’, ‘नॉन-कंप्लायंट’ (सांगितलेलं न पाळणारा), ‘नातेवाईक त्रासदायक’. प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न: तू प्रत्यक्षात काय पाहिलंस? ‘स्पंजला नकार’ याच्या जागी ‘पुरुष नातेवाईक खोलीत असताना स्पंजला नको म्हणाल्या, पडदा ओढल्यावर हो म्हणाल्या’ असं लिहून झालं की पुढच्या पाळीच्या नर्सला काय करायचं ते आपोआप कळतं. माझ्या मते हे नोट्सचं काम चारही तासांपेक्षा मोलाचं आहे.

परीक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तक्ता पाठ करून मार्क मिळत असतील तर मुली तक्ताच पाठ करणार. न्यूझीलंडची गोष्ट यासाठी सांगते. १९८८ मध्ये तिथल्या एका सभेत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या एका माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या विद्यार्थिनीने विचारलं होतं की तुम्ही कायद्याच्या, नीतीच्या, कामातल्या सुरक्षिततेबद्दल बोलता, मग सांस्कृतिक सुरक्षिततेचं काय? इरिहापेती रॅम्सडेन या माओरी परिचारिकेने तो प्रश्न उचलून धरला आणि १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय शिक्षणात सक्तीचा केला. त्यातला मला पटलेला गाभा असा, की सेवा सुरक्षित वाटली की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, ज्याने ती घेतली त्याने ठरवायचं. तेव्हा तोंडी परीक्षेबरोबर पेशंटलाही विचारा, अर्थात त्यांची तयारी असेल तर, आणि विद्यार्थिनी समोर नसताना. तिने तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का? काही करण्याआधी विचारलं का? पुन्हा ती आली तर चालेल का? एवढे तीन प्रश्न पुरेत.

आता तुमच्या त्या विद्यार्थिनीबद्दल. तिची चूक वर्गात उदाहरण म्हणून सांगू नका, नाव न घेताही नको, सगळ्यांना कळतंच. तक्ता माझा होता, एवढं मात्र वर्गाला तुम्ही सांगा. आणि तिला एकटीला जवळ बसवून एक गोष्ट लक्षात आणून द्या. त्या बाईंनी तिला ‘बाळ’ म्हटलं. दुखावलेल्या होत्या, तरी आवाज चढवला नाही, इन्चार्जकडे तक्रार केली नाही. चाळीस वर्षं मुलांच्या चुका तपासलेल्या बाईंनी जाता जाता आणखी एका मुलीची चूक दुरुस्त केली.

मग पुढच्या पोस्टिंगला पहिल्या सकाळी तिला बरोबर घेऊन एका कॉटपाशी जा. प्रश्न तुम्ही विचारा, ती नुसती शेजारी उभी राहू दे. दुसऱ्या कॉटपाशी तुम्ही दोन पावलं मागे उभ्या राहा. तिने चाचरत विचारलं तरी मध्ये बोलू नका, आणि मनात दहा मोजा.